सात खुंट

खुंट काढायची अक्कल नाकेदाराने दिली, पण म्हाताऱ्याला लेकीकडे धाडायची अक्कल माझी. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की बाईने सगळं नवऱ्याच्या आणि सरकारच्या माथी मारलं आणि आपण नामानिराळी राहिली.

आमचं शेत उतारावर. वर जंगल, खाली ओढा, मधे आम्ही. माझ्या सासऱ्याने, म्हणजे मामंजींनी, मिसरूड फुटायच्या वयात आपल्या बापाबरोबर ते झाडं तोडून केलेलं. झाडं तोडली, पण सात मोठ्या झाडांचे खुंट जमिनीत तसेच ठेवले. आम्हा आदिवासींचं उतारावरच्या शेतीचं कामच तसं. खुंटाची मुळं माती धरून ठेवतात, नाहीतर दोन पावसांत शेत ओढ्यात. लाकूडही असं चिवट, की पन्नास वर्षांत वाळवीने दात टेकवले नाहीत. नांगर चालवायचा तो खुंटाला वळसा घालून. त्यामुळे आमच्या शेतात सरळ तास, म्हणजे नांगराची रेघ, कधी पडलंच नाही. वाटेने जाणारे नवऱ्याला विचारायचे, "काय रे, पिऊन नांगरलंस का?"

मामंजींनी त्या खुंटांना नावं ठेवली होती. दारासमोर बारा पावलांवर होती ती भावजय, कारण जाता-येता ती फाळाला लागायची आणि करकर बोलायची. दोन बुंध्यांचा तो जोड्या. गुळगुळीत तो टकल्या. वाकलेली ती म्हातारी. बांधाजवळचा मुका आणि वरच्या अंगाचा बैठक्या, त्याच्यावर मामंजी दुपारी बसायचे. आणि अगदी खाली ओढ्याकडे पोकळ्या, त्याच्या पोटात आमची कोंबडी अंडी घालायची. लग्न होऊन आले तेव्हा मला ही नावं सासरच्या माणसांसारखी पाठ करावी लागली होती. एकदा मी जोड्याला टकल्या म्हटलं तर मामंजी दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

आता मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं पायांवर. पण शेतात कुणाचा हात धरायची गरज नाही.

मग तो कायदा आला. जंगलातली जमीन जे जुन्या काळापासून कसतात, त्यांच्या नावावर करून द्यायची. अट एकच, ठरलेल्या सालाच्या आधीपासूनची वहिवाट दाखवायची. आमची तर त्या सालाच्या कितीतरी आधीपासूनची. दावा भरला, अंगठे उठवले, दोन वर्षं वाट बघितली. आणि एक दिवस निरोप आला, की येत्या सोमवारी मोजणीवाला पाहणीला येणार. त्याने होय लिहिलं तर जमीन आमची. नाही लिहिलं तर शेत, घर, गोठा सोडून उठायचं, आणि कुठे जायचं ते आपलं आपण बघायचं.

निरोप घेऊन आला तो नाकेदार. जंगल खात्याचा माणूस, काडीसारखा बारीक, आवाज असा मऊ की समोरच्याला वाटावं हा आपला माहेरचाच. हातात कायम एक काठी, तिच्यावर खाचा पाडलेल्या. कशाला ते आम्ही कधी विचारलं नाही. मी दारात बियाण्याच्या मक्याचे दाणे काढत होते. ये म्हणायच्या आत तो भावजयीवर बसला.

"वहिनी, घोटभर पाणी द्या."

पाणी पिऊन त्याने शेतावरून नजर फिरवली. नवरा गोठ्यातून हात पुसत आला.

"भाऊ, एक सांगू? रागावू नका. साहेब लोक शहरातले. त्यांना शेत म्हणजे कसं पाटीसारखं सपाट लागतं. हे काय करून ठेवलंय? अर्धं शेत, अर्धं जंगल. खुंट बघितले की म्हणतील, हे तर रानच आहे. जरा साफसूफ करून घ्या."

"खुंट काढू म्हणता?"

"मी कोण सांगणारा? शेत तुमचं. मी आपलं घरचा म्हणून बोललो." तो उठला, आणि ज्याच्यावर बसला होता त्या खुंटाला काठीने दोनदा ठोकलं.

माझा नवरा तसा गरीब गाय. पण त्या वाकड्या तासांची लाज त्याला लहानपणापासूनची. जखमेवर नेमकं बोट पडलं. नाकेदार उतरून गेला तसा तो मामंजींच्या खाटेशी गेला.

"बाबा, खुंट काढून टाकू या."

मामंजी काठी चाचपत उठून बसले. "खुंट काढायचे नाहीत."

"साहेब येणारेत."

"म्हणूनच काढायचे नाहीत. खुंट हाच माझा कागद."

"कागद असा असतो का, बाबा?"

"तुझा कागद भिजतो, जळतो, उंदीर खातो. माझा पन्नास वर्षं उन्हापावसात उभा आहे. ज्याला झाडातलं कळतं, तो बघून सांगेल कुऱ्हाड कधीची ते."

"आणि ज्याला कळत नाही तो?"

मामंजी पुन्हा खाटेवर आडवे झाले. नवऱ्याला वाटलं आपण जिंकलो. मलाही तसंच वाटलं. म्हातारं माणूस, त्याला आपल्या हाताने केलेल्याचं कौतुक असायचंच, असं मी मनात म्हटलं. त्यांनी सगळं सरळ, स्वच्छ सांगितलं होतं. आम्हीच कानात बोळे घातले होते.

तेव्हा मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, वन्संना मुलगा झालाय. मामंजींना पंधरा-वीस दिवस तिकडे सोडून या. नातवाला मांडीवर घेऊन बसतील. परत येतील तोवर जमीन नावावर झालेली असेल, मग काय रागवायचं ते रागवू देत."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "तुझं डोकं चालतं हं," म्हणाला. लग्नाला सोळा वर्षं झाली, एवढं एकच कौतुक त्याने मनापासून केलं असेल.

निघायच्या सकाळी मामंजी शेतात उतरले. एकेका खुंटाजवळ थांबून त्यांनी हात फिरवला. दावणीच्या गुरांना फिरवतात तसा. परत येऊन मला म्हणाले, "सूनबाई, माझ्यामागे खुंटांना हात लावणार नाही ना हा?"

"नाही मामंजी."

शब्द तोंडातून असा सरळ निघाला, की माझं मलाच नवल वाटलं.

खुंट काढायला पाच दिवस लागले. काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आधी कुदळीने भोवतीची माती उकरायची, फावड्याने ओढायची. मग मूळ लागतं. मांडीएवढं मूळ कुऱ्हाडीने तोडायचं, तर पातं खणकन उडतं. ते तोडून बघावं, तर त्याच्याखाली दुसरं. मग पहार घालायची आणि दोघांनी तिच्यावर लोंबकळायचं. भावजयीपायी पहिले दोन दिवस गेले. ऊन असं, की पहारीला हात लावला तर चटका. माझ्या तळहाताचे फोड फुटले, त्यांना चिंधी बांधली, ती चिंधी रक्ताने चिकटली. दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात भावजय हलली. जमिनीतून असा काही आवाज आला, की गोठ्यात बैल उभे राहिले.

"सुटली!" नवरा ओरडला. आनंद झाला होता त्याला. मलाही झाला. खोटं कशाला बोलू?

काढलेला खुंट वर ठेवायचा कुठे? उतार होताच. पहार लावून गडगडत खाली ओढ्याच्या काठाला सोडून दिला. नंतरचे सहाही तसेच गेले. पोकळ्याच्या पोटात चार अंडी निघाली, ती मी पदरात घेतली.

चौथ्या दिवशी नाकेदार वाटेवरून गेला. थांबला, खाली आला. टकल्याच्या खड्ड्यात काठी उभी धरली आणि खाचा मोजल्या.

"दीड हात. वा!" म्हणाला.

"बरोबर चाललंय ना?" नवऱ्याने विचारलं.

"झकास चाललंय, भाऊ. असे कष्टाळू लोक नाहीत राहिले आता." आणि निघून गेला. खड्ड्याची खोली त्याला कशाला हवी, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण हातात फावडं असलं की डोकं फार वेळ एका जागी थांबत नाही.

रविवारी नवऱ्याने बैल जुंपले. खड्ड्यांत जमेल तेवढी माती लोटली होती, त्यावरून नांगर फिरवून सगळं एकसारखं करायचं होतं. पहिलं तास बांधापासून निघालं आणि मुक्याच्या जागेपाशी आलं. तिथे आता काही नव्हतं, भुसभुशीत माती फक्त. पण थोरला बैल वळला. आपसूक, मान न हलवता, नेहमीसारखा वळसा घालून पलीकडे सरळ झाला. धाकटा त्याच्यामागून.

"हा! हा! सरळ!" नवऱ्याने कासरा ओढला.

पुढे जोड्याच्या जागेला तेच. बैलांना वाटत असेल, मालकालाच दिसत नाही. शेवटी नवऱ्याने चाबूक उचलला. तो बैलांना मारणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी त्याने थोरल्याच्या पाठीवर वळ उठवले. बैल घाबरा होऊन सरळ गेला, खड्ड्यात त्याचा पाय मांडीपर्यंत रुतला, आणि तो हंबरला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळपर्यंत तासं सरळ झाली. आमच्या शेतातली पहिली सरळ तासं. नवरा बांधावर उभा राहून बघत होता. मला मात्र शेताकडे बघवेना. ते कुणा दुसऱ्याचं वाटत होतं.

सोमवारी मोजणीवाला आला. तरणा मुलगा, डोक्यावर टोपी, गळ्यात यंत्र. सोबत नाकेदार. मुलगा यंत्र घेऊन हद्दीने फिरला, नवरा त्याच्यामागे फिरला. मी कोरा चहा टाकला. फिरून आल्यावर मुलगा शेताच्या मधोमध थांबला आणि बुटाच्या टाचेने माती दाबली. टाच आत गेली.

"इथे काय होतं?"

"खुंट, साहेब. सात होते," नवरा छाती फुगवून म्हणाला. "एक ठेवला नाही. पाच दिवसांत दोघांनी काढले."

"कधी काढले?"

"ह्याच आठवड्यात. कालच नांगर फिरवला. बघा की कसं आरशासारखं केलंय."

मुलाने नाकेदाराकडे बघितलं. नाकेदार आभाळाकडे बघत होता.

"म्हणजे झाडं होती इथे?"

"होती तर! मोठीमोठी. बाबांनी तोडली."

"कधी?"

"झाली की पन्नास वर्षं."

"आणि खुंट ह्या आठवड्यात," मुलगा म्हणाला आणि वहीत लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरायला दूध नव्हतं म्हणून नुसती माशी पडली.

दहा दिवसांनी नाक्यावरून कागद आणायला मी गेले, कारण घरात चौथी शिकलेली मीच. नाक्याच्या मागच्या आवारात काळ्या पिशव्यांत रोपं मांडून ठेवली होती, पोत्याच्या सावलीत, ओळीने. एक बाई झारीने पाणी घालत होती. मी सहज विचारलं, "कुठे लावायची ही?" ती म्हणाली, "जागा निघाली की सांगणारेत."

कागद मी वाटेतच वाचला. एकेक अक्षर लावून. "सदर क्षेत्रात चालू वर्षी खुंट उपटून नव्याने जमीन केल्याचे दिसते. जुन्या वहिवाटीची खूण आढळत नाही. दावा नामंजूर." खाली लिहिलं होतं, की पंधरा दिवसांत अर्ज केल्यास वरिष्ठ अधिकारी स्वतः पाहणी करतील.

मी वाटेवर खालीच बसले. आपल्याच कुऱ्हाडीने आपलाच पाय तोडला होता, आणि वर आरशासारखं केलंय म्हणून दाखवलाही होता.

अर्ज मीच लिहिला. आणि त्याच संध्याकाळी वन्संच्या नवऱ्याने मामंजींना आणून सोडलं. आम्ही दोघं घरात, एकमेकांना सांगत होतो, तू सांग, तुम्ही सांगा. तेवढ्यात मामंजींनी पाहुण्याला म्हटलं, "आता जा तू, इथून पुढे मला डोळे लागत नाहीत." आणि ते वाट सोडून नेहमीसारखे शेतातून निघाले. वरून खाली. बैठक्यापाशी जरा टेकायचं आणि मग घर, अशी त्यांची रीत. मी दारातून बघितलं. त्यांनी पाठ वळवली, काठी बाजूला धरली आणि बसले. बसायला तिथे काही नव्हतं.

आम्ही धावलो. ते अर्धवट भरलेल्या खड्ड्यात उताणे पडले होते, एक पाय अंगाखाली. ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी भोवतीची माती चाचपत होते.

"बैठक्या कुठाय?"

मी त्यांचा पाय अंगाखालून सोडवायला लागले.

"बाकीचे?"

"आहेत, बाबा," नवरा म्हणाला. "आहेत सगळे. हा एकच... पोखरला होता, तो काढला."

हे दुसरं खोटं. एकदा वाट पडली की पाय त्याच वाटेने जातात.

घोटा सुजून मडक्याएवढा झाला. मामंजी खाटेला खिळले, दोन दिवस तापही होता. आणि इकडे नवऱ्याच्या डोक्यात एकच, की त्या वरिष्ठ अधिकारी, मोठ्या मॅडम, यायच्या आत खुंट जागेवर हवेत.

"अहो, असं पुरलेलं कळेल," मी म्हटलं.

"जमिनीतलंच आहे, जमिनीतच परत ठेवायचं. ह्यात खोटं काय आहे?"

खोटं काय होतं त्यात? खुंट खरे, शेत खरं, पन्नास वर्षं खरी. पण बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

खाली सोडताना खुंट आपले आपण गडगडले होते. वर आणायचे म्हणजे उलटा डोंगर. दोराने बांधून बैल लावले. चार आणले. टकल्या, मुका, जोड्या आणि म्हातारी जागेवर बसवले, भोवती माती ठोकली, वर पाणी शिंपडून जुना पालापाचोळा पसरला. बैठक्याला निम्म्यात आणलं आणि दोर तुटला. नवऱ्याने खांदा दिला. काहीतरी कटकन वाजलं. तो जागच्या जागी वाकला तो वाकलाच. पुढे गुडघ्यावर टेकत, दात खात त्याने बैठक्या वर नेला. राहिले दोन. भावजय, सगळ्यांत जड, आणि पोकळ्या, सगळ्यांत हलका.

"भावजय दारापर्यंत नाही येणार माझ्याच्याने," नवरा म्हणाला. घामाने त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तिला इथेच ओढ्याकडच्या खड्ड्यात टाकू. पोकळ्या दारासमोर नेऊ."

"मामंजींना कळेल."

"बाबा खाटेवर आहेत. आणि मॅडमला काय कळणारेय? खुंट तो खुंट."

पोकळ्या मी एकटीने पाठीवर घेतला. बारा पावलांवरच्या खड्ड्यात ठेवला. कापलेलं अंग वर, पोटातली पोकळी मातीखाली, म्हणजे दिसणार नाही. पायाने माती चेपली. मनात म्हटलं, देवा, एवढं एक निभावून ने, पुन्हा जन्मात खोटं बोलणार नाही. घरातून खाटेची कुरकुर ऐकू आली. मामंजी कुशीवर वळले होते.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायात साधी चप्पल, चालून चालून दमलेल्या. नाकेदार छत्री घेऊन मागे. बाई बऱ्या होत्या, हे मी कुणासमोरही सांगेन. त्यांनी आधी घर बघितलं, चुलीमागची काजळी बोटाने खरवडून बघितली. म्हणाल्या, "घर जुनं दिसतं." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी शेतातला टकल्या बघितला, वाकून त्याचा कापलेला भाग न्याहाळला.

"लाकूड तर फार जुनं आहे," त्या म्हणाल्या. "हे अहवालात का नाही?"

नाकेदार म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी नव्हते इथे."

"होते! खाली होते, ओढ्याजवळ," नवरा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला. मामंजी दारात उभे. पायाला फडकं, अंगात बंडी, हात चौकटीला.

"कोण आलंय?"

"मी जमिनीची पाहणी करायला आलेय, आजोबा. किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"वर्षं कुणी मोजली, बाई? मी खुंट मोजलेत. सात."

"दिसत नाही ना तुम्हाला?"

"शेतात दिसतं."

मॅडम हसल्या. त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. "दाखवता मला? चालवेल?"

"मामंजी, पाय सुजलाय, नको," मी म्हटलं.

"सरक, सूनबाई. एवढ्या लांबून बाई आल्यात."

आणि ते निघाले. लंगडत, पण मोजत. एक, दोन, तीन. बारा म्हणून त्यांनी काठी उजवीकडे टाकली. ठक्क. लागला. मॅडम पुटपुटल्या, "अरे वा!" मामंजींचा चेहरा उजळला. "ही भावजय," म्हणाले. "बोलते फार. हिच्यामुळे तीन फाळ मोडले माझे." आणि ते वाकले, तिच्यावर हात ठेवला.

बोटं फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

"ही भावजय नाही."

"बाबा, तीच आहे," नवरा म्हणाला.

"भावजयीला ह्या अंगाला गाठ आहे, मुठीएवढी. हा..." त्यांनी खुंट हलवला. तो हिरडीतल्या सुटलेल्या दातासारखा डुलला. त्यांनी बोटं खाली घातली, मातीत, पोकळीपर्यंत. "हा पोकळ्या. पोकळ्या ओढ्याकडे असतो. हा इथे कसा आला? माझे खुंट कुणी हलवले?"

मॅडम खाली बसल्या. त्यांनीही खुंटाला हात लावला, ढकलून बघितला. मग उठून टकल्याकडे गेल्या, तोही ढकलला. मग मुका. नाकेदार छत्री मिटून उभा होता.

"आजोबा खरं बोलतायत, हे मला दिसतंय," मॅडम माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट वाटलं. "पण पुरून ठेवलेला खुंट मी पुरावा म्हणून कसा धरू? हे तुम्ही दुसरीकडून आणले नाहीत, असं मी कशावरून लिहू? मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मॅडम, आमचेच आहेत. चूक माझी," मी म्हटलं. "मामंजींनी सांगितलं होतं, काढू नका म्हणून. मीच त्यांना लेकीकडे धाडलं. मला जी शिक्षा द्यायची ती द्या, जमीन नका घेऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हाताच्या फोडांकडेही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

मामंजी तिथेच उकिडवे बसले होते. मातीत रुतवलेले हात त्यांनी काढले नाहीत. "मी गप्प बसलो असतो तर?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे.

दुसरा कागद आठवड्यात आला. त्यात "बनावट पुरावा" असा शब्द होता. तो मी नवऱ्याला वाचून दाखवला नाही, पण त्याला कळलं.

पाऊस तोंडावर आला होता. सकाळी ट्रक आला. चार माणसांनी सातही खुंट मुद्देमाल म्हणून उपटले. हाताने निघाले. पाच दिवस आम्ही ज्याच्यापायी रक्त आटवलं, ते त्यांनी तासाभरात ट्रकमागे नेऊन ठेवलं. ट्रकमधून उतरल्या काळ्या पिशव्या. नाकेदाराने काठी एकेका खड्ड्यात उभी धरली.

"वहिनी, खड्डे आयते मिळाले हो. मजुरी वाचली."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"खुंट काढले की काय होणार, ते."

त्याने काठीवरची माती बोटाने पुसली. आवाज तसाच मऊ. "मी आपलं साफसूफ करा म्हणालो होतो, वहिनी. शेत तुमचं होतं."

सात खड्ड्यांत सात रोपं लागली, आणि त्यांच्या ओळी धरून पुढे आणखी खड्डे पडायला लागले. आम्हाला दुपारपर्यंत निघायचं होतं, वन्संच्या गावी, ओढ्यापलीकडून. नवऱ्याची पाठ अजून सरळ होत नव्हती. भांडी, पहार, नांगर, बियाण्याचा मका, सगळं बैलांच्या पाठीवर लादलं. मामंजींनी माझा हात घेतला नाही. थोरल्याच्या वशिंडावर हात ठेवून ते उभे राहिले. ओढ्याकडे जायची वाट शेतातूनच होती.

"अहो, बैल आवरा!" नाकेदार वरून ओरडला. "रोपं तुडवतील!"

नवऱ्याने कासरा आवळला नाही. त्याच्यात तेवढी ताकदही नव्हती. थोरला आपला चालत राहिला. दारापासून बारा पावलांवर तो वळला, रोपाला वळसा घालून सरळ झाला. त्याच्या वशिंडावर हात ठेवलेले मामंजीही त्याच्याबरोबर वळले.

"भावजय," मामंजी म्हणाले.

आणखी थोडं गेल्यावर बैल पुन्हा वळला. "टकल्या." पुढे, "जोड्या." रोपं लावणारे सगळे काम टाकून बघायला लागले. बैठक्या आणि मुका, दोघं वाटेपासून लांब होते, तर बैल आपणच आडवा होऊन, जुन्या तासाने तिकडे गेला आणि दोघांनाही वळसा घालून आला. कुणी त्याला अडवलं नाही. एका रोपाला खूर लागला नाही.

"शहाणे आहेत हो बैल तुमचे!" नाकेदार म्हणाला. "शिकवलेत की काय?"

"म्हातारी," मामंजी म्हणाले. आणि मग अगदी खाली, पाण्याचा आवाज यायला लागला तिथे, "पोकळ्या."

मी मागून चालत मोजत होते. सातही बरोबर आले. मग आम्ही ओढ्यात उतरलो.